चुकलेल्या पान-क्रमांकाची साक्ष

जे. एम. कोस्टरलिट्झ, डी. जे. थाउलेस, जर्नल ऑफ फिजिक्स सी, खंड ६, पान ११८१, १९७३.

शोधनिबंधाच्या शेवटी बारीक टायपात अशा ओळींची लांबलचक रांग असते. बहुतेक वाचक तिथवर पोहोचायच्या आधीच पान मिटतात. पण ही एक ओळ थांबून पाहण्यासारखी आहे. तिच्या आधाराने दोन संशोधकांनी असं काही शोधून काढलं, की ते कळल्यावर संदर्भसूचीकडे पूर्वीच्या नजरेने पाहताच येत नाही.

आधी ही ओळ कशाबद्दल आहे ते सांगतो. अतिशय पातळ, जवळपास दोनच मितींच्या पदार्थात अवस्थांतर कसं घडतं, याचा उलगडा कोस्टरलिट्झ आणि थाउलेस यांनी या निबंधात केला. पुढे २०१६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना डंकन हॉल्डेन यांच्यासह मिळालं. निबंध इतका मोलाचा, की पुढच्या तीसेक वर्षांत सुमारे ४,३०० वेळा तो इतरांच्या संदर्भसूचीत आला. दर वेळी कोणीतरी ही ओळ लिहिली किंवा टाइप केली, म्हणजे दर वेळी खंड, पान किंवा साल चुकायची एक संधी होती.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतले एम. व्ही. सिमकिन आणि व्ही. पी. रॉयचौधुरी यांनी २००३ च्या सुमारास या चुकाच मोजल्या. ४,३०० संदर्भांत १९६ ठिकाणी आकडा चुकला होता. यात नवल नाही, आकडे उतरवताना हात घसरतोच. नवल पुढे आहे. त्या १९६ चुकांत वेगवेगळ्या चुका फक्त ४५ होत्या. बाकीच्या सगळ्या त्याच त्या, पुन्हा पुन्हा आलेल्या. पानाच्या आकड्यातली एकच एक चूक तर तब्बल ७८ ठिकाणी जशीच्या तशी होती.

आता ११८१ हा आकडा किती तऱ्हांनी चुकू शकतो ते पाहा. एखादा अंक गळेल, दोन अंकांची अदलाबदल होईल, शेजारची कळ दाबली जाईल. कितीतरी शक्यता आहेत. एकमेकांना न ओळखणाऱ्या ७८ लेखकांनी मूळ निबंध समोर ठेवून, पान पाहून, नेमकी एकच चूक करावी हे संभवत नाही. एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी त्याच्या सूचीतून, किंवा त्याच्यावरून उतरवणाऱ्याच्या सूचीतून, ती ओळ उचलली. आपल्याकडे याला मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात. मूळ कागदावर माशी चिकटलेली दिसली, म्हणून नकलकाराने आपल्याही कागदावर एक माशी मारून चिकटवली.

इथवरचं कोणालाही सुचेल. त्या दोघांची पुढची झेप मात्र थक्क करणारी आहे. नकलणारा माणूस चुकीच्या ओळी वेचून नकलत नाही, कारण ती चूक आहे हे त्याला ठाऊकच नसतं. तेव्हा चुकीच्या संदर्भांत जेवढी नक्कल दिसते, साधारण त्याच प्रमाणात ती बरोबर संदर्भांतही झालेली असणार. फक्त तिथे ती नजरेला पडत नाही. बरोबर आकडा मुळावरून घेतला काय किंवा शेजाऱ्यावरून घेतला काय, दिसायला सारखाच. १९६ पैकी ४५ म्हणजे शेकडा २३. थोडं अधिक काटेकोर गणित मांडून त्यांनी अंदाज बांधला, की एखाद्या निबंधाचा संदर्भ देणाऱ्यांपैकी पाचातला एखादाच तो मुळातून वाचत असावा.

या अंदाजाला छेद देणारी एक शंका रास्त आहे. निबंध नीट वाचलेला माणूसही कंटाळून संदर्भाची ओळ दुसऱ्याच्या सूचीतून उचलू शकतो. म्हणून पाचात एक हा आकडा दगडावरची रेघ मानायला नको. पण युक्तीचं सौंदर्य त्याने उणावत नाही. कोणी काय वाचलं आणि काय वाचलं नाही, ही माणसाच्या मनातली गोष्ट, जिचा कुठे पुरावा राहत नाही असं आपण धरून चालतो. तिचा माग एका चुकलेल्या पान-क्रमांकावरून लागतो. बरोबर आकडे गप्प बसतात, साक्ष देतात त्या चुका.

चुकांकडून साक्ष काढण्याची ही विद्या पुण्याला नवी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ साली ते पुरं झालं. देशभरातून आणि बाहेरूनही मिळवलेल्या १,२५९ हस्तलिखितांचा त्यासाठी आधार घेतला गेला. १९२५ पासून या कामाची धुरा वाहिली विष्णु सीताराम सुखठणकर यांनी. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकले आणि नंतर बर्लिनला जाऊन भाषाशास्त्राकडे वळले, हे मला फार सूचक वाटतं. १९३३ साली पुऱ्या झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी पोथ्या ताडून पाहण्याची रीत तपशीलवार सांगितली आहे. उभ्याआडव्या रेघा मारलेला फुलस्केप कागद घ्यायचा. मुंबईच्या गणपत कृष्णाजी छापखान्याच्या आवृत्तीतला एक श्लोक वरच्या ओळीत ठळक अक्षरांत लिहायचा. खाली प्रत्येक पोथीला एक आडवी ओळ, आणि त्या पोथीत जिथे पाठ वेगळा असेल तिथे तो अक्षर-अक्षर मोजून नेमक्या त्याच रकान्यात भरायचा. एक श्लोक, एक कागद. असे हजारो कागद शास्त्रीमंडळींनी आणि पदवीधर सहायकांनी भरले.

हे सगळं कशासाठी? पोथ्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. दोन पोथ्यांत एकच शुद्ध पाठ असेल तर त्यावरून त्यांच्या नात्याबद्दल काहीच कळत नाही. दोघींत एकाच जागी एकच विचित्र चूक असेल, तर मात्र दोघी एकाच पोथीच्या लेकी, हे ओळखावं. अशा चुका जुळवत गेलं की पोथ्यांची वंशावळ उभी राहते आणि मग मुळाकडे, निदान मुळाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं, जाता येतं. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीने लिहून घ्यायचं, ही आपल्या सर्वांच्या आवडीची कथा या छाननीत मूळ संहितेतून बाहेर पडली आणि परिशिष्टात गेली. सुखठणकरांच्या मंडळींनी पोथ्यांना जो प्रश्न विचारला, तोच लॉस एंजलिसच्या दोघांनी भौतिकशास्त्राच्या संदर्भसूच्यांना विचारला: तू हे कुठून उतरवलंस?

जुने लेखनिक या बाबतीत प्रांजळ होते. पोथीच्या अखेरीला ते लिहून ठेवत, की समोर जसं दिसलं तसं उतरवलं आहे, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. विज्ञान लिहिणाऱ्याला ही सवलत नाही. तो संदर्भ देतो तेव्हा त्याचा अर्थच असा होतो, की मी हे पाहिलं आहे आणि त्यात मी म्हणतो ते आहे.

विज्ञानाची सगळी मांडणी या एका हमीवर उभी आहे. १६६० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीने जे लॅटिन बोधवाक्य घेतलं, त्याचा आशय आहे: कोणाच्याही शब्दावर विसंबू नका. पण प्रत्यक्षात कोणताही वैज्ञानिक सगळं स्वतः पडताळू शकत नाही. हजार लोकांच्या शब्दांवर विसंबूनच त्याला आपलं पाऊल टाकावं लागतं. ही कोंडी संदर्भाने फोडली. ‘माझ्या शब्दावर विसंबू नका, हा पत्ता घ्या आणि स्वतः जाऊन पाहा,’ असं संदर्भ सांगतो. पत्ता दिला म्हणजे कोणीतरी जाऊन पाहील, हे त्यात गृहीत आहे. कोणीच गेलं नाही तर काय होतं, याची एक गोष्ट पालकाची आहे.

ही गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. एकोणिसाव्या शतकात एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पालकातलं लोह मोजलं, लिहिताना दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि लोह दसपट झालं. चूक बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही. पॉपाय नावाचा कार्टूनमधला खलाशी पालकाचे डबे रिचवून दणकट झाला तो त्या चुकीच्याच जोरावर. पुढे १९३० च्या दशकात फेरतपासणी झाली आणि चूक उघड झाली. गोष्टीचा बोध असा, की मूळ आकडा तपासल्याशिवाय मानू नये. शिक्षक सांगतात, व्याख्याते सांगतात, आहारावरच्या पुस्तकांत ती असते आणि शोधनिबंधांतही असते.

नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातले गुन्हेशास्त्राचे अभ्यासक माइक सटन यांनी या गोष्टीचा माग काढायला घेतला आणि २०१० साली आपले निष्कर्ष छापले. सगळे धागे एका लेखाशी येऊन थांबत होते. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या डिसेंबर १९८१ च्या नाताळ अंकात रक्तविकारतज्ज्ञ टी. जे. हॅम्ब्लिन यांनी विज्ञानातल्या लबाड्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला होता आणि त्यात ही पालकाची हकिकत होती. हकिकतीला आधार कोणता? लेखात दिलेला नव्हता. सटन यांनी हॅम्ब्लिन यांनाच विचारलं. त्यांनाही आपण ती कुठून घेतली हे सांगता आलं नाही. मग सटन जुन्या कागदांत शिरले. एकोणिसाव्या शतकात पालकातल्या लोहाचे काही आकडे भलतेच जास्त नोंदले गेले होते हे खरं, पण दशांशचिन्ह घसरल्याचा पुरावा कुठेच मिळाला नाही. आणि पॉपाय? १९३२ च्या एका चित्रपट्टीत तो स्वतः सांगतो, की पालक खायचा तो अ जीवनसत्त्वासाठी. लोहाचं नावही नाही.

नॉर्वेतले मानवशास्त्रज्ञ ओले ब्यर्न रेकडाल यांनी २०१४ साली याच प्रकरणावर एक सुरेख निबंध लिहिला. त्यांचा रोख पालकावर नव्हता, संदर्भ देणाऱ्यांवर होता. दशांशचिन्हाची गोष्ट सांगणारा एक जण दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि प्रत्येक टप्प्यावर गोष्ट अधिकाधिक अधिकृत होत जाते. मुळात एका हलक्याफुलक्या लेखातलं निराधार वाक्य होतं, ते चार संदर्भांनंतर सिद्ध झालेलं सत्य होऊन बसतं. नुसत्या ऐकीव गोष्टीपेक्षा हे जास्त धोक्याचं आहे. कर्णोपकर्णी आलेल्या गोष्टीला आपण निदान ऐकीव तरी म्हणतो. संदर्भाचा आकडा चिकटला की तिच्याकडे संशयाने पाहायचंच आपण सोडून देतो. आणि या प्रकरणातली सगळ्यात चक्रावणारी गोष्ट अशी, की मूळ आधार तपासा हे शिकवण्यासाठीच ही कथा मूळ आधार न तपासता तीस वर्षं सांगितली गेली.

पालकात लोह आहेच. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात ते पावणेतीन मिलिग्रॅमच्या आसपास भरतं, मात्र त्यातलं फार थोडं अंगी लागतं. त्या गोष्टीवर विश्वास ठेवून कोणाचं वाईट झालं नाही. आता सांगतो ते प्रकरण असं निरुपद्रवी नाही.

१० जानेवारी १९८० च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये संपादकांना लिहिलेलं एक छोटं पत्र आलं. लिहिणारे बोस्टनचे जेन पोर्टर आणि हर्शेल जिक. पत्रात एकूण पाच वाक्यं आहेत. मथळ्याचा आशय: अफूजन्य औषधं दिलेल्या रुग्णांमध्ये व्यसन क्वचितच लागतं. मजकूर असा, की रुग्णालयात दाखल झालेल्या ३९,९४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. त्यांपैकी ११,८८२ जणांना अशी औषधं निदान एकदा दिली गेली होती. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची बऱ्यापैकी खात्रीची नोंद होती, आणि त्यांतही गंभीर म्हणावं असं एकच. मग कोणत्या औषधांमुळे ते. शेवटी निष्कर्ष.

हे पत्र शब्दाशब्दावर थांबून वाचलं की काय दिसतं पाहा. सगळे रुग्ण रुग्णालयात, डॉक्टर-परिचारिकांच्या नजरेखाली. औषध ‘निदान एकदा’ मिळालेले सगळे या ११,८८२ मध्ये आले, म्हणजे एकच डोस मिळालेला माणूसही त्यात मोजला आहे. औषध किती दिलं, किती दिवस दिलं, याचा उल्लेख नाही. घरी गेल्यावर त्या रुग्णांचं काय झालं, याचाही नाही. महिनोन्महिने घरी राहून पाठदुखीसाठी रोज गोळ्या घेणाऱ्या माणसाबद्दल हे पत्र चकार शब्द काढत नाही. लेखकांनी लबाडी केलेली नाही. जेवढं पाहिलं तेवढंच त्यांनी सांगितलं, आणि निष्कर्षाच्या वाक्यातही रुग्णालयाचा उल्लेख ठेवला.

पण वाचायचं कोणी? हळूहळू हे पत्र ‘विस्तृत अभ्यास’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं, मग ‘पथदर्शी संशोधन’. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन हे जबर वेदनाशामक अमेरिकेच्या बाजारात आलं. व्यसनाचा धोका शेकडा एकाहूनही कमी, असं डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं जाऊ लागलं आणि त्याच्या आधाराला हे पाच वाक्यांचं पत्र पुढे केलं गेलं. हे औषध विकणाऱ्या पर्ड्यू समूहातल्या कंपनीने २००७ साली न्यायालयात कबूल केलं, की या औषधाच्या व्यसनाच्या धोक्याबद्दल तिने दिशाभूल केली होती. १९९९ ते २०१७ या काळात अमेरिकेत अफूवर्गीय पदार्थांच्या अतिसेवनाने जवळजवळ चार लाख माणसं मेली. एवढ्या मोठ्या अनर्थाला कारणं अनेक होती, सगळं खापर एका पत्रावर फोडणं चूक ठरेल. पण डॉक्टरांची भीड ज्या खात्रीने चेपली, त्या खात्रीच्या मुळाशी एक न वाचलेला कागद होता.

२०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी या पत्राचा संदर्भ देणारे सगळे निबंध गोळा केले. ६०८ निघाले. त्याच सुमारास त्याच नियतकालिकात आलेल्या इतर पत्रांचे संदर्भ मोजले तर मध्यक ११ होता. ६०८ पैकी ४३९ लेखकांनी हे पत्र व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. आणि ४९१ जणांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट सांगितलीच नव्हती. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर त्या पत्राशेजारी आता संपादकांची सूचना आहे: या पत्राचा संदर्भ फार मोठ्या प्रमाणावर आणि चिकित्सा न करता दिला गेला आहे, वाचकांनी हे ध्यानात घ्यावं. ते पत्र अवश्य वाचा. पाच वाक्यं वाचायला जितका वेळ लागतो, तितक्याच वेळात त्या ४९१ जणांना आपली चूक टाळता आली असती.

तिसऱ्या प्रकारात तर वाचायला मुळात काही नव्हतंच. अमुक साली, अमुक खंडात ‘वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला’ या आशयाच्या नावाचा, व्हान डेर गीर आणि इतरांचा एक निबंध शेकडो संदर्भसूच्यांत होता. लायडनचे संख्याशास्त्रज्ञ पीटर क्रोनेनबर्ग यांना तो कुठेच सापडेना. त्यांनी आणि संदर्भमोजणीच्या अभ्यासक अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी तपास केला, तेव्हा उलगडा झाला. संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठीच्या सूचनांत तो दिला होता. निबंध काल्पनिक, नियतकालिकही काल्पनिक. लेखकांनी तयार साचा उतरवून घेतला, त्यात आपले संदर्भ भरले आणि नमुन्याची ओळ काढायची राहून गेली. जवळपास ४०० वेळा. एकाही संपादकाच्या, परीक्षकाच्या नजरेला ती खटकली नाही. अस्तित्वात नसलेल्या निबंधाला चारशे वाचक मिळाले, असं वरकरणी दिसत होतं.

आज अशा भुताटकीच्या ओळी तयार करणं आणखी सोपं झालं आहे. मजकूर लिहून देणाऱ्या संगणक-प्रणालींना संदर्भ मागितला, तर त्या कधीकधी हुबेहूब खऱ्यासारखा दिसणारा खोटा संदर्भ रचून देतात. लेखक खरे, नियतकालिक खरं, निबंध मात्र लिहिलाच गेलेला नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी अशा प्रणालीने रचलेले न झालेले खटले दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलर दंड भरला. हे ओळखायचा उपाय साधा आहे. २००० सालापासून शोधनिबंधांना डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. त्याची सुरुवात १० या आकड्याने आणि टिंबाने होते. डीओआय डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की निबंध समोर यायला हवा. आला नाही, किंवा दुसराच आला, तर तिथेच थांबावं.

निबंध समोर आला म्हणजे काम झालं असंही नाही. तो अजून उभा आहे की मागे घेतला गेला आहे, हे पाहावं लागतं. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडू पाहणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध १९९८ साली लॅन्सेटमध्ये आला तो अवघ्या १२ मुलांवरचा होता. लॅन्सेटने तो २०१० साली मागे घेतला. तरीही त्याचा हवाला देणारे आजही भेटतात. मागे घेतलेल्या निबंधाच्या पानावर तसा स्पष्ट शिक्का असतो, पण तो फक्त पान उघडणाऱ्यालाच दिसतो.

संदर्भाची वाट उलट्या दिशेनेही चालता येते, आणि मला ही विज्ञानलेखनातली सर्वांत हुशार कल्पना वाटते. निबंधाची सूची आपल्याला भूतकाळात नेते. पण एखाद्या जुन्या निबंधाचं पुढे काय झालं, कोणी तो पुढे नेला, कोणी खोडून काढला, हे कसं कळणार? अमेरिकेतल्या वकिलांकडे यासाठी १८७३ पासून शेपर्ड यांची एक सूची होती. जुना निकाल पुढे कोणत्या खटल्यात उचलला गेला किंवा फिरवला गेला, हे तिच्यात पाहता येई. यूजीन गारफील्ड यांनी हीच सोय विज्ञानाला हवी असं १९५५ साली सायन्स या नियतकालिकात मांडलं आणि १९६४ साली त्यांची संदर्भ-सूची प्रत्यक्षात आली. आज गूगल स्कॉलरवर कोणत्याही निबंधाखाली त्याचा उल्लेख करणाऱ्यांची संख्या असते. तिच्यावर बोट ठेवलं की त्या निबंधाचं पुढचं आयुष्य उलगडतं. मोठी संख्या पाहून मात्र हुरळून जाऊ नये. ६०८ हीसुद्धा मोठीच संख्या होती.

लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मी काही मोजक्या गोष्टी आग्रहाने सांगेन. वाचताना टिपण काढाल तेव्हाच पान, खंड आणि साल टिपा. नंतर आठवून लिहू म्हटलं की ओळ शेजाऱ्याच्या सूचीतून उचलावी लागते. लेखकाचे शब्द आणि तुमचे शब्द वहीत वेगळे दिसतील असे ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी दुसऱ्याचं वाक्य तुम्हाला आपलंच वाटायला लागेल. संदर्भ ज्या विधानाला असेल त्याच विधानाला चिकटवा. परिच्छेदाच्या शेवटी पाच नावांचा गठ्ठा टाकला की कोणी काय म्हटलं ते वाचकाला कधीच कळत नाही. गोष्ट दुसऱ्याच्या लेखातून कळली असेल आणि मूळ मिळत नसेल, तर ‘अमुक यांच्या लेखात उद्धृत’ असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही. आणि सारांशावर निबंध उद्धृत करू नका. कोणावर प्रयोग झाला, किती जणांवर झाला, किती दिवस चालला, हे पद्धतीच्या विभागात असतं. पोर्टर आणि जिक यांच्या पत्रातलं ‘रुग्णालयात दाखल’ हे जसं एका ओळीत होतं, तसंच सगळं ठरवणारा शब्द बहुधा अशाच एखाद्या ओळीत दडलेला असतो.

मूळ निबंध मिळतच नाही, ही आपल्याकडची तक्रार बरीच वर्षं खरी होती. परदेशी नियतकालिकांची वर्गणी जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयाला कुठून परवडणार? जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्राच्या योजनेखाली सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं वाचायला मिळू लागली आहेत. तुमचं महाविद्यालय त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. नसेल तर निबंधाच्या लेखकाला दोन ओळींची ईमेल लिहा. आपला निबंध कोणीतरी वाचू इच्छितं याचा बहुतेक लेखकांना आनंदच होतो आणि प्रत पाठवायला ते सहसा नाही म्हणत नाहीत. तुमच्या संदर्भसूचीत जो निबंध आहे पण तुम्ही अजून उघडलेला नाही, तो आज उघडा. नाहीच मिळाला तर ती ओळ खोडून टाका.